मोबाईल आणि संशय



जोडीदार मेसेज आला की पडवीत जातो, आणि आपल्या मनात संशय शिरतो. मग आपण त्याचा मोबाईल चोरून तपासतो. 14 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीचे गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरले. पण एकमेकांवर पाळत ठेवणे हेच नाते बिघडल्याचे लक्षण, असेही म्हटले. पुराव्याने दावा जिंकता येईल, घर सावरत नाही.

संत योसेफालाही शंका आली (मत्तय 1:18-24). त्याने मरियेची बेअब्रू केली नाही. तो विचार करीत थांबला, म्हणून देवदूताचे ऐकू शकला. आपणही पाळत न ठेवता सरळ विचारू या. आणि ज्याला विचारले, त्याने खरे सांगावे. वेदीसमोरचे वचन दोघांचे आहे.