वर्गाचं पुस्तक ई-बुक करताना: खूण करण्याआधी थांबा



आमच्या पाचवीच्या मुलांनी घरातल्या आजी-आजोबांना विचारून गोष्टी लिहिल्या. आमची शाळा नेरूळची. वर्गात करावे, सारसोळे इथली आगरी-कोळी मुलं आहेत, तशीच सातारा-जळगावकडून आलेल्या घरांतलीही आहेत. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई उभी राहू लागली. त्याआधी या गावांचं जगणं भातशेती, मिठागरं आणि खाडीतल्या मासेमारीवर चालायचं. मुलांच्या वह्यांत ते सगळं उतरलं. भरती-ओहोटी कशी ओळखायची, चिंबोऱ्या कशा पकडायच्या, मीठ कसं पिकवायचं... एकूण बत्तीस गोष्टी झाल्या.

पालकसभेत एक वडील म्हणाले, "बाई, याचं ई-बुक करा ना. आता ऑनलाइन फुकट होतं म्हणे."

खरंच फुकट होतं. पण प्रकाशक नाही म्हटल्यावर प्रकाशकाची सगळी कामं आपल्या अंगावर येतात. त्यातलं सर्वात महत्त्वाचं काम म्हणजे करार वाचणं. छापील पुस्तकाचा करार कागदावर समोर येतो, आपण चार वेळा वाचून सही करतो. इथे तोच करार एका छोट्या चौकटीत असतो आणि आपण न वाचताच खूण करून पुढे जातो. आजचा धडा त्या खुणेबद्दल आहे.

१. आधी प्रश्न: पुस्तक कोणासाठी?

मराठी ई-बुकसाठी आज अनेक वाटा आहेत. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर भारतीय भाषांचं दालन सुरू केलं. हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्याबरोबर मराठीही त्यात होती. त्यांच्या 'किंडल डायरेक्ट पब्लिशिंग' म्हणजे केडीपी या सेवेतून लेखक स्वतः पुस्तक विक्रीला ठेवू शकतो. गूगल प्ले बुक्सवरही तशी सोय आहे. पुण्याच्या बुकगंगावर मराठी ई-पुस्तकं विकली जातात. ठाण्याचं ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तकं वाचकांना विनामूल्य पोहोचवतं. आणि मुलांच्या चित्रगोष्टींसाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' आहे, ते ८ सप्टेंबर २०१५ रोजी, साक्षरता दिनी सुरू झालं.

या वाटा वेगवेगळ्या ठिकाणी जातात. काही विक्रीसाठी आहेत, काही वाटण्यासाठी. आपल्याला कुठे जायचंय हे न ठरवता गाडीत बसलो, तर मग तिकीट परत मिळत नाही.

२. ३५ की ७०?

केडीपीवर लेखकाला मानधनाचे दोन दर दिसतात: ३५ टक्के आणि ७० टक्के. कोणीही ७० कडेच जाणार. पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर 'केडीपी सिलेक्ट' या योजनेत पुस्तक घालावं लागतं. या योजनेची अट अशी की ९० दिवस पुस्तकाची डिजिटल प्रत दुसरीकडे कुठेही द्यायची नाही. दुसऱ्या दुकानात नाही, स्वतःच्या ब्लॉगवर नाही, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ म्हणूनही नाही. नमुना म्हणून सुमारे १० टक्के मजकूर दाखवता येतो. छापील प्रत विकायला किंवा वाटायला हरकत नाही. ९० दिवसांत ५ दिवस पुस्तक मोफत ठेवता येतं, पण तेही त्यांच्याच दुकानात. मुदत संपली की योजना आपोआप पुढे चालू राहते. नको असेल तर आपणच आठवणीने खूण काढायची.

आता गणित करू. समजा पुस्तकाची किंमत १०० रुपये ठेवली आणि वर्गातल्या ४० घरांनी ते घेतलं. विक्री झाली ४,००० रुपये. ३५ टक्क्यांनी मिळतात १,४०० आणि ७० टक्क्यांनी २,८००. हा ढोबळ हिशोब आहे, कर धरलेला नाही. शिवाय ७० टक्क्यांच्या दरात फाइलच्या आकारानुसार पोहोचवण्याचा खर्चही कापतात, म्हणजे चित्रं जास्त तर कपातही जास्त. फरक फार तर १,४०० रुपयांचा. या १,४०० रुपयांसाठी आपण काय देतो? आपल्याच मुलांना त्यांचंच पुस्तक मोबाईलवर मोफत पाठवायचा हक्क!

म्हणजे ही योजना वाईट आहे का? मुळीच नाही. तुम्ही कादंबरी लिहिली असेल, वाचक अनोळखी असतील, तर ७० टक्के घेणंच शहाणपणाचं ठरेल. प्रश्न पुस्तक कोणासाठी आहे याचा आहे.

अमेरिकेतल्या मराठी घरांतून विक्री व्हावी अशी आशा असेल, तर केडीपीवर कराची माहिती भरताना पॅन क्रमांक जरूर द्या. दोन देशांतल्या करारामुळे तिथल्या मानधनावर ३० ऐवजी १५ टक्के कर कापला जातो. आयएसबीएनची मात्र घाई नको. केडीपीवर ई-बुकसाठी तो सक्तीचा नाही. हवाच असेल तर भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी दलाल पैसे मागत असेल तर देऊ नका.

३. हे लेखन कोणाचं?

आपण शिक्षक इथेच चुकतो. 'माझ्या वर्गाचं पुस्तक' म्हणताना 'माझं पुस्तक' कधी झालं ते कळत नाही.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क मुळात लिहिणाऱ्याचा. लिहिणारा दहा वर्षांचा असला तरी त्याचाच. पण १८ वर्षांखालचं मूल करार करू शकत नाही, म्हणून पालकांची लेखी संमती हवी. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: पुस्तक कुठे जाणार, विकलं जाणार की मोफत, आणि नाव कसं छापणार. आम्ही मुलांची फक्त पहिली नावं दिली. फोटो आणि पत्ते टाळले.

आता आपलं स्वतःचं लेखन. नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या साहित्याचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, कायद्याने नोकरी देणाऱ्याकडे जातो. म्हणून शाळेच्या कामासाठी केलेल्या कार्यपत्रिकांचं पुस्तक काढण्याआधी मुख्याध्यापकांकडून लेखी परवानगी घ्या, सेवानियमही बघून ठेवा.

दुसऱ्यांच्या कवितांचं काय? "शैक्षणिक कामासाठी चालतं" असं आपण सहज म्हणतो. वर्गात कविता शिकवणं वेगळं, ती पुस्तकात छापून जगभर ठेवणं वेगळं. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले. त्यांच्या कवितांचा हक्क २०५९ अखेरपर्यंत राहणार. पुस्तकात त्यांची अख्खी कविता घ्यायची तर परवानगी हवीच.

स्टोरीवीव्हरवर जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्यावर असतात. श्रेय देऊन कोणीही त्या छापू शकतो, भाषांतर करू शकतो, विकूही शकतो. एकदा दिलेला असा परवाना मागे घेता येत नाही. मोठ्या मनाने द्यायची गोष्ट आहे ती, पण मुलांच्या वतीने देताना त्यांच्या घरी विचारूनच द्यावी.

४. फाइल: चिंबोऱ्यांची परीक्षा

पहिल्यांदा आम्ही मजकूर एका जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतला. संगणकावर छान दिसला, मोबाईलवर नुसती अगम्य चिन्हं! बत्तीस गोष्टी पुन्हा टाइप कराव्या लागल्या. म्हणून पहिल्या ओळीपासून युनिकोडच वापरा.

पीडीएफचा मोह टाळा. पीडीएफचं पान कागदासारखं घट्ट असतं. मोबाईलवर वाचताना आजोबांना ते बोटांनी मोठं करून डावी-उजवीकडे सरकवावं लागतं. ईपब फाइलमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने जुळतात. केडीपीलाही मराठीसाठी वर्डची किंवा ईपबची फाइल द्यावी, पीडीएफ नको.

मग परीक्षा घ्या. फाइल दोन-तीन वेगवेगळ्या मोबाईलवर उघडा आणि 'चिंबोऱ्या', 'खाऱ्या', 'वाऱ्यावर' हे शब्द शोधा. आपला हा वाटीसारखा अर्धा र पुष्कळदा बिघडतो आणि 'खाऱ्या'चं 'खार्या' होतं. शुद्धलेखन शिकवणाऱ्या आपल्याच पुस्तकात तसं राहिलं तर मुलांना काय सांगणार?

५. आम्ही काय ठरवलं

आम्ही विक्री नको असं ठरवलं. ईपब प्रत सगळ्या घरांत पाठवली आणि गूगल प्ले बुक्सवर किंमत शून्य ठेवली. शाळेच्या कपाटासाठी दोन प्रती छापून घेतल्या.

छापील प्रतीत बत्तीस गोष्टी आहेत, ई-बुकात एकतीस. एका मुलीने आजीची गोष्ट लिहिली होती. घरच्या अडचणीमुळे आजीची शाळा सुटली आणि ती डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायला लागली. वर्गातली सर्वांत चांगली गोष्ट हीच होती. संमतीपत्र घरी गेलं तेव्हा आजीने निरोप पाठवला, "शालंत ठेवा, पन मोबाईलवर नको." मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण ती गोष्ट आजीची होती. आम्ही विचारलं नसतं, तर ती आजपर्यंत किती मोबाईलवर पोहोचली असती आणि परत आणता आली नसती.

तेव्हा तुमच्या शाळेतलं हस्तलिखित कपाटातून जरूर बाहेर काढा. फक्त अपलोडच्या बटणाआधी एका कागदावर चार उत्तरं लिहा: पुस्तक कोणासाठी, हक्क कोणाचा, कोणाकोणाला विचारलं, आणि त्या चौकटीत खूण केल्यावर आपण काय देऊन बसतो. सेवांचे नियम बदलत असतात, म्हणून अपलोडच्या दिवशी ते पुन्हा एकदा वाचा. चारही उत्तरं तयार असतील तर बटण दाबायला हरकत नाही.