खापर फोडण्याआधी

आमच्या ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम वर्षाला नव्वदवरून तीसवर आले, तेव्हाची गोष्ट. गणपती उरकल्यावर हिशेबाला बसलो होतो. आमचे ज्येष्ठ गायक चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "दादा, गाणी तीच, गळे तेच, वाजवणारे तेच. मग बदललं काय? मला तर वाटतं, तुम्हीच ढिले पडलात." बाकीचे छताकडे बघत होते. म्हणजे सगळ्यांचं मत तेच होतं.

मी अठरा वर्षं त्या ऑर्केस्ट्राचा मॅनेजर होतो. त्याआधी, १९७९ पासून, मुंबईत रेकॉर्डच्या एका वितरकाकडे सेल्समन होतो. बॅगेत तबकड्यांचे नमुने घेऊन दुकानं फिरायचो. 'सॅटर्डे नाइट फीव्हर' चित्रपटातल्या गाण्यांची दोन तबकड्यांची जोडी तेव्हा हातोहात जायची. त्यामुळे त्यात गाणारे बी जीज हे तीन भाऊ, बॅरी, रॉबिन आणि मॉरिस गिब, माझ्या पोटापाण्याशीच जोडलेले होते. त्यांचे पडते दिवस सुरू झाले तेव्हा त्यांनीही आपल्या मॅनेजरला, रॉबर्ट स्टिगवुडला, कोर्टात खेचलं. त्या वेळी मी भावांच्या बाजूचा होतो. पुढे स्वतः मॅनेजर झालो आणि प्रकरण पुन्हा उलगडून बघावंसं वाटलं. त्यातून जे शिकलो ते असं.

१. पडलेला आकडा 'किती' ते सांगतो, 'कोणामुळे' ते सांगत नाही.

१९७९ च्या सुरुवातीला बी जीजचा 'स्पिरिट्स हॅविंग फ्लोन' आला. त्यातली तीन गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. त्याआधीची तीन धरली तर सलग सहा. १९८१ मध्ये 'लिव्हिंग आइज' आला आणि अमेरिकेच्या यादीत पहिल्या चाळिसातही शिरला नाही. गळे तेच, भाऊ तेच.

मधल्या काळात झालं काय? १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, एका रेडिओ निवेदकाने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकं लावून उडवला. प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरा सामना सोडून द्यावा लागला. डिस्कोविरुद्धचा राग आधीपासून साचत होता, त्या रात्री तो सगळ्यांना दिसला. काही रेडिओ केंद्रांनी तर बी जीज न वाजवण्याची जाहिरात केली. ज्यांचा आवाज दिवसभर ऐकून लोकांचे कान किटले होते, त्यांच्यावर राग आधी निघणारच. त्या गर्दीसमोर कुठला मॅनेजर काय करणार होता?

२. मॅनेजरला दोष देण्याआधी मागचा पडता काळ आठवा.

बी जीजची ती पहिली घसरण नव्हती. १९७३-७४ मध्ये त्यांची अवस्था याहून वाईट होती. एक अख्खा अल्बम कंपनीने नाकारला होता. एके काळचे हे तारे उत्तर इंग्लंडमधल्या बॅटली व्हरायटी क्लबमध्ये, जेवणाऱ्या लोकांपुढे गात होते. आपल्याकडे नाव झालेल्या गायकाने लग्नाच्या जेवणावळीत गावं, तसंच ते.

तेव्हा त्यांना धरून ठेवणारा स्टिगवुडच होता. आरिफ मार्डिनसारखा निर्माता त्यांना मिळाला. पहिला प्रयत्न, 'मिस्टर नॅचरल', चालला नाही, तरी दुसरा झाला. गिटारवादक एरिक क्लॅप्टनही स्टिगवुडकडेच होता. क्लॅप्टनने सुचवलं म्हणून भाऊ मायामीला गेले. पुलावरून जाताना गाडीच्या चाकांचा ठेका ऐकला आणि त्यातून 'जाइव्ह टॉकिन'' जन्मलं. तो दुसरा प्रयत्न म्हणजे १९७५ चा 'मेन कोर्स' हा अल्बम. बॅरीचा पुढे जगप्रसिद्ध झालेला तो वरच्या पट्टीतला बारीक आवाजही याच अल्बमच्या वेळी सापडला.

मॅनेजर कोणालाच सुगीत आठवत नाही. दुष्काळ पडला की पहिली आठवण त्याचीच.

३. वारा गावोगावी वेगळा वाहतो.

अमेरिकेत डिस्को जाळला जात होता, तेव्हा आमच्या मुंबईत तो नुकता कुठे बाळसं धरत होता. १९८० मध्ये 'कुर्बानी' आला. बिद्दूने संगीत दिलेल्या, नाझिया हसनने गायलेल्या त्यातल्या एका गाण्याने दुकानांत रांगा लावल्या. १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर' आला आणि बप्पी लाहिरींनी उरलेली कसर भरून काढली. अमेरिकेत डिस्को मेलाय असं वाचायचो आणि इकडे दुकानदार 'आणखी पेट्या पाठवा' म्हणायचे.

पुढे १९८७ मध्ये बी जीजचं 'यू विन अगेन' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि अमेरिकेत पंचाहत्तराव्यावर अडकलं. गाणं तेच, गाणारे तेच. मॅनेजर नालायक असता तर तो दोन्हीकडे सारखाच नालायक ठरला असता. म्हणून विक्री घटली की आधी विचारायचं, कुठे घटली? सगळीकडे, की एकाच पेठेत?

४. लाटेवर घर बांधायला लावणारा मात्र निर्दोष नसतो.

इथे मी स्टिगवुडला सोडत नाही. 'सॅटर्डे नाइट फीव्हर' हा चित्रपट त्याचा, रेकॉर्ड कंपनीही त्याची. फ्रान्समधल्या एका जुन्या गढीवजा स्टुडिओत काम करणाऱ्या भावांना त्याने फोन केला आणि गाणी मागितली. त्यांनी पटकथा न वाचताच ती दिली. तो अल्बम १९७८ मध्ये अमेरिकेत चोवीस आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. पण दहा वर्षं हळुवार, दुःखाची गाणी लिहिणारे हे भाऊ त्यानंतर जगाच्या नजरेत फक्त 'डिस्कोवाले' उरले. त्याच वर्षी 'सार्जंट पेपर' या गाजलेल्या अल्बमवर काढलेल्या चित्रपटात स्टिगवुडने त्यांना नायक केलं. समीक्षकांनी तो सोलून काढला आणि साउंडट्रॅकच्या तबकड्या दुकानांतून गठ्ठ्यांनी परत आल्या.

चालतंय तोवर तेच वाजवा, हा मोह मला नवा नाही. आमची एक मेडली होती, सत्तरच्या दशकातल्या नायकांची. लोक उठून नाचायचे. मी ती दहा वर्षं प्रत्येक कार्यक्रमात मध्यंतरानंतर ठेवली. नवीन गाणी बसवा म्हणून वादक मागे लागले होते. "पार्टीला हेच हवंय," म्हणून मी त्यांना गप्प करायचो. अकराव्या वर्षी एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी सुपारी देताना विचारलं, "ती मेडली सोडून दुसरं काही आहे का हो?" मागणी मीच शिळी केली होती.

५. दोन भावांच्या मध्ये बसू नका.

१९६९ मध्ये 'ओडेसा' अल्बममधलं कुठलं गाणं सिंगल म्हणून काढायचं, यावर वाद झाला. स्टिगवुडने बॅरीने गायलेलं निवडलं आणि रॉबिनचं मागच्या बाजूला गेलं. रॉबिन गट सोडून गेला. वर्षभराने परत आला खरा, पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. शेवटचं गाणं कोण गाणार, निवेदक कोणाचं नाव आधी घेणार, असले निर्णय मॅनेजरने एकट्याने घेऊ नयेत. आम्ही पुढे चिठ्ठ्या टाकायला लागलो.

६. एका माणसाने दोन खुर्च्यांवर बसू नये.

ऑक्टोबर १९८० मध्ये बी जीजने स्टिगवुडवर दावा ठोकला, मागणी २० कोटी डॉलरची. त्याने उलट दावा केला. १९८१ मध्ये प्रकरण आपसात मिटलं. पण मुद्दा उरतोच. स्टिगवुड त्यांचा मॅनेजर होता आणि त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचा मालकही. गायकाच्या वतीने जास्त रॉयल्टी मागायची ती त्याने, आणि कंपनीच्या वतीने नाकारायची तीही त्यानेच. माणूस कितीही सज्जन असो, त्याचा एक हात दुसऱ्या हाताशी भांडत नाही.

आता माझं. आमच्या ऑर्केस्ट्राची साउंड सिस्टिम माझ्या मेहुण्याच्या नावावर होती, पैसे माझे होते. प्रत्येक कार्यक्रमाचं साउंडचं भाडं ऑर्केस्ट्राच्या गल्ल्यातून माझ्या घरी यायचं. भाडं बाजारभावानेच लावतो, अशी मी मनाची समजूत घालायचो. तो बाजारभाव ठरवणाराही मीच होतो. हे कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून 'तुम्हीच ढिले पडलात' हे ऐकताना मला राग आला आणि घामही फुटला. आरोप चुकीचा होता, पण मी निर्दोष नव्हतो.

७. विक्रीची वही आणि हिशेबाची वही वेगळी ठेवा.

बी जीजच्या प्रकरणात सगळ्यांनी गल्लत केली ती इथे, मीसुद्धा. पैशांच्या वाटपाची तक्रार ही एक गोष्ट आणि श्रोते का पळाले ही दुसरी. पहिल्याचं उत्तर करारात सापडतं, दुसऱ्याचं रस्त्यावर. पण दोन्ही संकटं एकाच वेळी आली की माणूस दोन्हीला एकच नाव चिकटवतो. स्टिगवुडने एक पैसाही इकडचा तिकडे केला नसता, तरी कॉमिस्की पार्कवरचा ढीग उडालाच असता. आणि डिस्को वीस वर्षं टिकला असता, तरी करारातली ती दुहेरी खुर्ची चुकीचीच राहिली असती.

८. पडत्या काळात चेहरा मागे ठेवून हात चालू ठेवावेत.

लोकांना बी जीजचा आवाज नको होता, त्यांची गाणी मात्र चालत होती. १९८० मध्ये बॅरीने बार्ब्रा स्ट्रायसँडसाठी 'गिल्टी' केला. १९८२ मध्ये डिऑन वॉरविकचं 'हार्टब्रेकर', १९८३ मध्ये केनी रॉजर्स आणि डॉली पार्टनचं 'आयलंड्स इन द स्ट्रीम', १९८५ मध्ये डायना रॉसचं 'चेन रिॲक्शन'. सगळी या भावांनी लिहिलेली. ज्या रेडिओवर त्यांना बंदी होती, तिथेच यातली कित्येक वाजत होती.

आमचा कीबोर्डवाला फावल्या वेळात हौशी गायकांसाठी ट्रॅक बनवायला लागला, तेव्हा आम्ही त्याला फितूर म्हटलं. आपल्याच पोटावर पाय देतोय, असं वाटलं. आज आमच्यापैकी संगीतावर घर चालवणारा तोच एक आहे.

९. वह्या उघडायच्या तर सगळ्यांसमोर.

हिशेबाच्या त्या बैठकीनंतर आठवड्याने मी सगळ्यांना घरी बोलावलं. आधी कार्यक्रमांची वही काढली, अठरा वर्षांची. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. सणांच्या मोजक्या दिवसांची सवलत सोडली तर साडेनऊला सुरू होणारा आमचा कार्यक्रम संपला. मग टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धा आल्या, लोकांना तेच गळे घरबसल्या मिळाले. मग चौदा जणांच्या ताफ्याऐवजी दोन गायक आणि एक लॅपटॉप घेऊन लोक एक चतुर्थांश पैशांत कार्यक्रम करू लागले. पानोपानी दिसत होतं. यात माझा दोष एकच, ती मेडली. तो मी कबूल केला.

गायकांनी वही मिटली. "म्हणजे तुमचं काही चुकलं नाही, दादा."

"थांबा," म्हटलं, आणि साउंडच्या भाड्याची दुसरी वही पुढे सरकवली.

बराच वेळ कोणी बोललं नाही. ढोलकीवाले तर उठून गॅलरीत गेले. शेवटी गायक म्हणाले, "हे आधी सांगायचंत." एवढंच. पुढे भाडं निम्म्यावर आणलं, आणि मागचं थोडं थोडं करून दोन वर्षांत फेडलं.

त्यापुढच्या वर्षी आमचे कार्यक्रम सव्वीस झाले, म्हणजे आणखी चार कमी. बैठकीत तो आकडा मी वाचला. गायकांनी चहा घेतला आणि विचारलं, "मग नवीन कुठली गाणी बसवायची, दादा?"