टाकी मोठी की ॲव्हरेज चांगलं? अमेरिकेतल्या पिकअप ट्रकचं गणित



आपल्याकडे 'पिकअप' म्हटलं की भाजीपाला, सिमेंटच्या गोण्या वाहणारी छोटी मालगाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत हाच शब्द वेगळ्या गाडीसाठी वापरतात. तिथला फुल-साइज पिकअप म्हणजे पुढे पाच-सहा माणसांची ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा आणि त्यामागे कितीतरी टनांचा ट्रेलर ओढायची ताकद. फोर्ड एफ-१५०, शेवरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० आणि टोयोटा टुंड्रा ही त्यातली ठळक नावं. फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून तिथे सर्वाधिक विकली जाणारी ट्रक-मालिका आहे. शेतकरी, सुतार, प्लंबर, बांधकाम ठेकेदार अशा अनेकांचं पोट या गाडीवर चालतं.

ही गाडी घेताना दोन प्रश्न हमखास येतात. इंजिन कोणतं घ्यायचं? आणि टाकी किती मोठी घ्यायची? बरेच जण हे प्रश्न वेगवेगळे सोडवतात आणि तिथेच गणित चुकतं. आज आपण ते एकत्र सोडवू. त्यासाठी गुणाकार, भागाकार आणि एकक रूपांतर एवढंच लागेल.

आधी एककं समजून घेऊ

१ अमेरिकन गॅलन = ३.७८५ लिटर
१ मैल = १.६०९ किलोमीटर

आपण विचारतो, "गाडी लिटरला किती देते?" तिथे विचारतात, गॅलनला किती मैल? २० मैल प्रति गॅलन म्हणजे आपल्या हिशोबाने लिटरला साधारण साडेआठ किलोमीटर.

इंजिनचे लिटर वेगळे, टाकीचे लिटर वेगळे

'५ लिटरचं इंजिन' म्हटलं की मुलांना वाटतं, इंजिनात ५ लिटर पेट्रोल मावतं. तसं नाही. इंजिनातल्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होताना जेवढी जागा व्यापतो, त्या सगळ्या सिलिंडरच्या जागांची बेरीज म्हणजे इंजिनची क्षमता.

एफ-१५० मधल्या व्ही-८ इंजिनचं उदाहरण घेऊ. सिलिंडर ८, प्रत्येकाचा व्यास ९.३ सेंमी, पिस्टनची धाव ९.२७ सेंमी. वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र तुम्हाला माहीतच आहे.

त्रिज्या = ४.६५ सेंमी
एका सिलिंडरचं घनफळ = ३.१४ × ४.६५ × ४.६५ × ९.२७ = सुमारे ६२९ घन सेंमी
आठ सिलिंडर = ६२९ × ८ = ५,०३२ घन सेंमी, म्हणजे ५ लिटर

आपली साधी मोटारसायकल १०० सीसीची असते. म्हणजे अशा पन्नास मोटारसायकलींची इंजिनं एकाच बॉनेटखाली!

इंजिनचे पर्याय

२०२१ च्या एफ-१५० मधले चार पर्याय पाहू. ट्रेलरचा आकडा ही कमाल मर्यादा आहे. ॲव्हरेज हे अमेरिकन सरकारी चाचणीतलं, शहर आणि महामार्ग मिळून, टू-व्हील ड्राइव्ह गाडीचं आहे.

१) २.७ लिटर व्ही-६ टर्बो : टॉर्क ५४२ न्यूटन-मीटर, ट्रेलर ४,५८० किलो, ॲव्हरेज २२
२) ५.० लिटर व्ही-८ : टॉर्क ५५६ न्यूटन-मीटर, ट्रेलर ५,९०० किलो, ॲव्हरेज २०
३) ३.५ लिटर व्ही-६ टर्बो : टॉर्क ६७८ न्यूटन-मीटर, ट्रेलर ६,३५० किलो, ॲव्हरेज २०
४) ३.५ लिटर टर्बो हायब्रिड : टॉर्क ७७३ न्यूटन-मीटर, ट्रेलर ५,७६० किलो, ॲव्हरेज २५

टॉर्क म्हणजे फिरवण्याची ताकद. ओझं जागेवरून हलवायला हीच कामी येते. आता पहिली आणि दुसरी ओळ नीट बघा. २.७ लिटरचं इंजिन आकाराने जवळजवळ निम्मं, पण टॉर्क व्ही-८ च्या बरोबरीला आलेला. हे कसं? टर्बोमुळे. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम वायूने एक छोटी चक्री फिरते आणि ती सिलिंडरमध्ये जास्त हवा दाबून भरते. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं.

पण त्यात एक मेख आहे. रिकामी गाडी असेल तेव्हा लहान इंजिन कमी पितं. ओझं लावलं की टर्बो सतत हवा कोंबतो, आणि हवेबरोबर पेट्रोलही जातं. लहान इंजिनाचा फायदा तिथे बराचसा संपतो.

म्हणून ग्राहकांचं एकमत होत नाही. टोयोटाने २०२२ च्या टुंड्रातून व्ही-८ काढून टर्बो व्ही-६ आणलं. रॅमने २०२५ मध्ये आपलं प्रसिद्ध ५.७ लिटर हेमी व्ही-८ बंद केलं आणि २०२६ च्या मॉडेलमध्ये परत आणलं!

टाकी आणि पल्ला

एफ-१५० ला २३, २६ किंवा ३६ गॅलनची टाकी येते. कोणती मिळेल ते इंजिन, केबिन आणि पॅकेजवर ठरतं. हायब्रिडची टाकी ३०.६ गॅलनची. लिटरमध्ये सांगायचं तर २३ गॅलन म्हणजे ८७ लिटर आणि ३६ गॅलन म्हणजे १३६ लिटर.

सूत्र सोपं आहे : पल्ला = टाकी × ॲव्हरेज

२.७ टर्बो, २३ गॅलन : २३ × २२ = ५०६ मैल (सुमारे ८१४ किमी)
३.५ टर्बो, ३६ गॅलन : ३६ × २० = ७२० मैल (सुमारे १,१५८ किमी)
हायब्रिड, ३०.६ गॅलन : ३०.६ × २५ = ७६५ मैल (सुमारे १,२३१ किमी)

काय दिसलं? हायब्रिडची टाकी ५.४ गॅलनने लहान, तरी गाडी ४५ मैल पुढे जाते. नुसता टाकीचा आकडा बघून पल्ला कळत नाही.

मोठी टाकी फुकटही येत नाही. १३६ लिटर पेट्रोलचं वजन सुमारे १०० किलो, ८७ लिटरचं सुमारे ६४ किलो. हौद्यात किती माल टाकता येईल, त्यातून हे ३६ किलो वजा होतात.

ट्रेलर लावला की चित्र बदलतं

उंच, जड ट्रेलर मागे लावला की ॲव्हरेज अनेकदा निम्म्यावर येतं. २० चं १० झालं असं धरा.

२३ गॅलन × १० = २३० मैल
३६ गॅलन × १० = ३६० मैल

शहाणा चालक पाव टाकी राखून ठेवतो. मग उरले १७२ आणि २७० मैल. युटा राज्यात इंटरस्टेट-७० वर ग्रीन रिव्हर ते सलायना या टप्प्यात शंभर मैलांहून जास्त अंतर पेट्रोल पंपच नाही. लहान टाकीवाला ग्रीन रिव्हरला निम्मी टाकी घेऊन पोचला, तर त्याच्याकडे जेमतेम ११५ मैलांचं पेट्रोल असेल. त्यात चढ आणि समोरचा वारा आला, तर गाडी माळरानात उभी. इथे मोठी टाकी ही चैन राहत नाही, गरज होते.

ॲव्हरेजचा चकवा

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. सांगा बरं, जास्त पेट्रोल कुठे वाचेल?

अ) १० चं ॲव्हरेज १२ झालं तर
ब) २५ चं ॲव्हरेज ३० झालं तर

बहुतेक जण 'ब' म्हणतात, कारण वाढ २ ची नसून ५ ची आहे. वर्षाला १२,००० मैल धरून भागाकार करू.

अ) १२,००० ÷ १० = १,२०० गॅलन; १२,००० ÷ १२ = १,००० गॅलन. बचत २०० गॅलन.
ब) १२,००० ÷ २५ = ४८० गॅलन; १२,००० ÷ ३० = ४०० गॅलन. बचत ८० गॅलन.

'अ' मध्ये अडीचपट बचत! ॲव्हरेज भागाकाराच्या खाली, म्हणजे छेदात येतं. म्हणून लहान आकड्यातला थोडा बदलही मोठा फरक पाडतो. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हाच चकवा मांडला होता. २०१३ च्या मॉडेलपासून तिथल्या नव्या गाड्यांच्या लेबलवर '१०० मैलांना किती गॅलन' हा आकडाही छापतात. खर्चाचा अंदाज बांधायला तोच जास्त उपयोगी.

याचा अर्थ असा, की रोज ट्रेलर ओढणाऱ्या ठेकेदाराने लेबलवरच्या २० किंवा २२ कडे पाहून इंजिन निवडू नये. ओझ्यासकट ८ पडतं की १०, हे आधी विचारावं. त्या दोनच्या फरकात १२,००० मैलांना ३०० गॅलन जातात.

थोडक्यात लक्षात ठेवा

• बहुतेक वेळ रिकामी फिरणारी गाडी : लहान टर्बो किंवा हायब्रिड, टाकी साधी चालेल.
• रोज जड ट्रेलर : जास्त ओढणारं इंजिन आणि मोठी टाकी.
• हौद्यातच जड माल : टाकीचं आणि माणसांचं वजन आधी वजा करा. चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर मर्यादा लिहिलेली असते.

सरावासाठी प्रश्न

१) २६ गॅलन म्हणजे किती लिटर?
२) २६ गॅलन टाकी, ॲव्हरेज २०. ट्रेलर लावल्यावर ते निम्मं झालं, तर पल्ला किती मैलांनी घटेल?
३) १२,००० मैलांसाठी १५ चं २० झालं तर बचत किती? २० चं २५ झालं तर किती? वाढ दोन्हीकडे ५ चीच, मग उत्तरं वेगळी का?

उत्तरं : १) सुमारे ९८.४ लिटर २) २६० मैलांनी ३) २०० गॅलन आणि १२० गॅलन. तिसऱ्याचं कारण मात्र स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा!