लॅपटॉप एक, जोडण्या दोन : घरची व कचेरीची

प्राथमिक कृषि पतसंस्थांचे हिशेब संगणकावर आणण्याच्या योजनेस केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें मंजुरी दिली. तींत ६३,००० संस्था धरल्या होत्या. पाटोदा तालुक्यांतील ज्या बंधूंकडे सोसायटीचें काम आहे, त्यांचा लॅपटॉप दिवसा कचेरींत व रात्रीं वाडीवरील घरीं चालावा लागतो. पीककर्ज मुदतींत फेडणारास व्याजाची सवलत मिळते. मुदतीच्या शेवटच्या दिवशीं कचेरींतील जोडणी अडली व भरणा नोंदला गेला नाहीं, तर नुकसान सभासदाचें होतें. सबब ही व्यवस्था एकदां नीट समजून घ्यावी.

शेतास जसा गट नंबर, तसा जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास एक नंबर असतो. त्यास आयपी म्हणतात. एका गांवचा गट नंबर दुसऱ्या गांवीं लागू पडत नाहीं, तद्वत् कचेरीचा नंबर घरीं चालत नाहीं. घरचा राउटर हा नंबर आपोआप देतो. कांहीं कचेऱ्यांत तो हातानें कायम लिहावा लागतो. अडचण येते ती येथेंच.

(१) कचेरींत तार व घरीं वायफाय असल्यास काम सोपें आहे. दोहोंची मांडणी स्वतंत्र असते. कायमचा नंबर फक्त तारेच्या जोडणीस द्यावा. वायफायची जोडणी आपोआप नंबर घेणारीच ठेवावी.

(२) दोन्हीकडे वायफाय असून कचेरींत नंबर आपोआप मिळत नसेल, तर विंडोजमध्यें कंट्रोल पॅनेलांतील 'नेटवर्क कनेक्शन्स' उघडावें. वायफायच्या 'प्रॉपर्टीज'मध्यें 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' निवडून पुन्हां 'प्रॉपर्टीज' दाबावें. पहिल्या पानावर नंबर आपोआप घेण्याची खूण राहूं द्यावी, आणि 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन' या पानावर 'यूजर कॉन्फिगर्ड' निवडून कचेरीचे आंकडे भरावे. यंत्र प्रथम आपोआप नंबर मागतें. तो न मिळाल्यास हे आंकडे वापरतें. यास थोडा वेळ लागतो, म्हणून घाई करूं नये.

(३) कचेरींतहि नंबर आपोआप मिळतो, पण तो नेहमीं एकच हवा असेल, तर लॅपटॉपांत कांहीं न बदलतां राउटरमध्यें त्या यंत्रासाठीं नंबर राखून ठेवावा. एकच नंबर दोन यंत्रांस दिल्यास, एका गटावर दोघांनीं हक्क सांगितल्याप्रमाणें तंटा होतो व जोडणी तुटते.

नंबर १६९.२५४ नें सुरू झालेला दिसल्यास, यंत्रास कोणी नंबर दिला नाहीं व पर्यायी नंबरहि लिहिलेला नाहीं, असें समजावें.

विश्वासाची खूणहि महत्त्वाची आहे. घर व कचेरी येथें जाळें 'प्रायव्हेट' ठेवावें, म्हणजे छपाईयंत्र व सामाईक कागदपत्रें मिळतात. बसस्थानक, उपाहारगृह अशा ठिकाणीं 'पब्लिक' हेंच योग्य. एरव्हीं सभासदांचीं खातीं परक्यांच्या नजरेस पडण्याचा धोका असतो. मोबाइलवरून जोडणी घेतांना तिच्यावर 'मीटर्ड'ची खूण करावी, म्हणजे मोठ्या सुधारणा परस्पर उतरून डेटा संपत नाहीं.

कचेरीचा नंबर, मास्क, गेटवे व डीएनएस हे चार आंकडे संस्थेच्या वहींत लिहून ठेवावे, आणि सर्व मांडणी भरण्याच्या हंगामापूर्वींच दोन्ही ठिकाणीं तपासून घ्यावी. औत पेरणीच्या दिवशीं दुरुस्त करावयाचें नसतें. यंत्रासहि तोच नियम लागू आहे.