औषध दिले म्हणजे पोहोचले काय?

नांदेड व लातूर जिल्ह्यांतून येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक आम्हांस नेहमी विचारतात, की प्रतिजैविक चालू असताना लघवीची नळी बदलण्याचा खर्च कशासाठी? पाण्याच्या टाक्या वारंवार घासण्याचा खर्चही देणगीदारांना खटकू शकतो. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असल्याने ते येथे मांडीत आहोत.

रांजणाच्या आतल्या अंगास हाताला लागणारा बुळबुळीतपणा हा बहुधा जंतूंचा थर असतो. यास बायोफिल्म म्हणतात. जंतू पृष्ठभागास चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट द्रव्य निर्माण करून त्यात वस्ती करतात. अशा दाट थरात पाणी सहसा खेळत नाही. जे आत जायचे ते मुरतच जाते. या मुरण्यास विसरण म्हणतात. त्याचा नियम ॲडॉल्फ फिक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८५५ साली मांडला.

लोणच्याची लहान फोड लवकर मुरते, अख्ख्या लिंबास फार दिवस लागतात, हे गृहिणींस ठाऊक आहेच. विसरणात अंतर दहापट झाले की वेळ सुमारे शंभरपट लागतो. तथापि जंतूंचा थर पातळ असतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मिलिमीटरचा दहावा भाग काही सेकंदांतच पार करतो. मग अडते कोठे?

अडते ते वाटखर्चापायी. मंजूर रक्कम गावी पोहोचण्यापूर्वीच वाटेत खर्ची पडावी, तसे क्लोरीन वरच्या भागातील द्रव्याशी संयोग पावून संपत जाते. तळाशी थोडेच उरते. प्राणवायू व अन्नही वरचे जंतू फस्त करतात. तळाचे जंतू उपाशी, निपचित पडून राहतात. अनेक प्रतिजैविके वाढत्या जंतूंवरच प्रभावी ठरतात. त्यामुळे औषध तळापर्यंत मुरले तरी हे जंतू तग धरतात आणि औषध थांबल्यावर पुन्हा डोके वर काढतात.

२०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पहिली पाणीगाडी १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातुरास पोहोचली. टंचाईत पाणी अनेक दिवस साठवावे लागते आणि भांडे घासण्यास पाणी खर्चणे जिवावर येते. थरास वाढण्यास अवसर मिळतो तो अशाच वेळी. बुळबुळीत भांड्यात औषधाचे थेंब वाढविण्यापेक्षा ते आधी घासून काढणे हिताचे.

नळीचेही तसेच आहे. तिला आतून घासता येत नाही, म्हणून संसर्ग झाल्यास डॉक्टर जुनी नळी काढतात अथवा बदलतात. नळीसह घरी जाणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांनी ती केव्हा काढावयाची हे डॉक्टरांस अवश्य विचारावे. मात्र स्वतः ओढू नये व औषध मध्येच सोडू नये.

नव्या नळ्या आणि स्वच्छ टाक्या यांवर कोनशिला बसत नाही. तरीही औषधास वाट मोकळी होते ती त्यांच्यामुळेच. या खर्चासही आपल्या दानात स्थान असावे, ही नम्र विनंती.