आधी काम बघ, मग पद्धत

अगं, ट्रान्सफर प्रायसिंगच्या टीममध्ये नाव आलं म्हणून इतकी धास्ती घेऊ नकोस. आल्या आल्या समोर सहा पद्धती आल्या आणि तू त्या पाढ्यांसारख्या घोकत बसली आहेस, हो ना? ते घोकणं जरा बाजूला ठेव.

एका समूहातल्या दोन कंपन्या, एक पुण्यात, एक जर्मनीत. मालक एकच, त्यामुळे आपसातला भाव वाटेल तो लावता येतो. आणि भाव कुठे ठेवला त्यावर नफा कोणत्या देशात दिसणार, कर कुठे भरला जाणार, हे ठरतं. म्हणून आपल्याकडे २००१ पासून कायदा सांगतो, परक्याशी व्यवहार करताना जो भाव लागला असता तोच धरा. आर्म्स लेंथ प्राइस म्हणतात ती हीच. पद्धती म्हणजे तिथवर जायच्या वाटा. त्यांत थोरली-धाकटी असं काही नाही. त्या व्यवहाराला जी सर्वांत योग्य, ती घ्यायची.

सीयूपी, म्हणजे कम्पेअरेबल अनकंट्रोल्ड प्राइस, दिसायला सगळ्यात सरळ. तोच माल परक्यांमध्ये काय भावाने जातो ते बघायचं. पण ग्लॅक्सोचा कॅनडातला खटला वाचच. तिथली ग्लॅक्सो १९९० ते १९९३ या काळात झॅन्टॅक गोळ्यांसाठीचं रॅनिटिडीन स्वित्झर्लंडमधल्या समूहाच्याच कंपनीकडून किलोला १,५१२ ते १,६५१ डॉलरला घेत होती. जेनेरिक बनवणारे तेच रसायन १९४ ते ३०४ डॉलरला घेत होते. पहिल्यांदा वाचताना वाटतं, संपला विषय! पण २०१२ मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नुसतं रसायन बघू नका, सोबतचा परवाना करारही विचारात घ्या. झॅन्टॅक हे नाव वापरायचा हक्क त्याच करारातून येत होता आणि जेनेरिकवाल्यांकडे तो नव्हता. रेणू एक असला तरी व्यवहार एक नव्हता. मला तर या विषयातलं सगळं मर्म या एका खटल्यात दिसतं.

बाकीच्या लवकर सांगते. समूहातल्या कंपनीकडून माल घेऊन तो जसाच्या तसा बाहेर विकणारी कंपनी असेल तर रीसेल प्राइस. ऑर्डरप्रमाणे माल बनवून समूहालाच देणारी असेल तर कॉस्ट प्लस. दोन्ही बाजूंनी मोलाचं काही घातलंय आणि ते वेगळं काढताच येत नाही, तेव्हा प्रॉफिट स्प्लिट. सहावी ‘इतर पद्धत’ नंतर आली, बाकीच्या बसत नाहीत तेव्हा कामाची.

तुझ्या टेबलावर मात्र बहुतेक टीएनएमएमच येणार, म्हणजे निव्वळ नफ्याचं प्रमाण ताडून बघायची पद्धत. हिंजवडीतली एखादी कंपनी धर, फक्त मूळ कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी. खर्च ४० कोटी, बिल ४६ कोटी, म्हणजे खर्चावर १५ टक्के. आता तसंच काम करणाऱ्या स्वतंत्र कंपन्या शोधायच्या. त्या सहा किंवा जास्त मिळाल्या, तर ३५व्या ते ६५व्या पर्सेंटाइलची रेंज. समज ती १७ ते २४ निघाली आणि मधला आकडा २०. तुझी कंपनी रेंजच्या बाहेर, म्हणून भाव १७ वर नाही, थेट २० वर नेला जातो. बिल ४८ कोटी धरलं जाईल आणि २ कोटी उत्पन्नात वाढतील. त्यावर परदेशात आधीच कर भरलेला असेल, तर तो आपोआप परत मिळत नाही.

त्यामुळे सगळी लढाई तुलनेसाठी निवडलेल्या त्या स्वतंत्र कंपन्यांच्या यादीवर होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲग्निटीच्या प्रकरणात इन्फोसिसला यादीतून बाहेर ठेवणं योग्य मानलं. इन्फोसिस स्वतः जोखीम घेते, तिचं नाव आहे, आकार अवाढव्य आहे. मूळ कंपनीच्या छत्राखाली काम करणाऱ्या छोट्या कंपनीशी तिची बरोबरी कशी होणार?

आणि कोणाची तुलना कोणाशी करायची, हे ठरतं कशावरून? एफएआरवरून. काम कोण करतं, मालमत्ता कोणाची, जोखीम कोणाच्या अंगावर. इथेच मुली घाई करतात गं. मागच्या वर्षीचा रिपोर्ट उघडतात, नावं-आकडे बदलतात, झालं. तू तसं करू नकोस. करारात ‘जोखीम मूळ कंपनीची’ असं लिहिलेलं असतं; तू प्रोजेक्ट मॅनेजरला विचार, ग्राहकाने काम नाकारलं तर फेरकामाचे पैसे कोण देतं? डिझाइन कोण ठरवतं? नवीन कोडचे हक्क कोणाच्या नावावर जातात? उत्तरं आणि करार जुळत नसतील तर आधी साहेबांना सांग, पद्धत नंतर निवड. असेसमेंटमध्ये अधिकारी हेच प्रश्न विचारतो, आणि तोवर तो मॅनेजर नोकरी सोडून गेलेला असतो.

३१ ऑक्टोबरपर्यंत थ्रीसीईबी, म्हणजे या व्यवहारांवरचा सीएचा रिपोर्ट, द्यायचा असतो, त्यामुळे या मुलाखती पावसाळ्यातच उरकून घे. आणि पहिल्या मुलाखतीला जाण्याआधी तुझे प्रश्न मला फोनवर वाचून दाखव. क्लायंटचं नाव सांगू नकोस, नुसते प्रश्न.