बालकांच्या मानेवरील खोल जखमा : तातडीचे उपचार

राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली. तथापि संक्रांतीच्या सुमारास मांजाने मान चिरल्याच्या दुर्घटना अद्याप थांबलेल्या नाहीत. यास्तव पालकांसाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

मानेत श्वासनलिका, अन्ननलिका व मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाटीने असतात. बालकाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ८० मिलिलिटर, म्हणजे १५ किलोच्या बालकात अवघे १२०० मिलिलिटर रक्त असते. पेलाभर रक्त गेले तरी प्रकृती गंभीर होऊ शकते.

स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी. मानेभोवती आवळून बांधू नये. रुतलेली वस्तू उपसू नये.

रुग्णालयात प्रथम श्वासमार्ग सुरक्षित केला जातो. जोराचा रक्तस्राव, वाढती सूज वा जखमेतून हवेचे बुडबुडे दिसल्यास बालकास थेट शस्त्रक्रियागृहात नेतात. प्रकृती स्थिर असल्यास आधी सीटी अँजिओग्राफी करतात.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी तातडीच्या रुग्णास अनामत रक्कम न मागता दाखल करून प्राणरक्षक उपचार द्यावयाचे आहेत. पैशांच्या जुळवाजुळवीत वेळ न दवडता बालकास तत्काळ आणावे, ही आमची नम्र विनंती.